घरचा वजनकाटा: आकड्यावर विसंबण्याआधी काय काय करायचं

वडिलांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय असं निघालं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ लिहिली: रोज सकाळी वजन, वहीत नोंद. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठायला लागतं, आणि पावलांवर सूज दिसायच्या आधी ते बऱ्याचदा काट्यावर दिसतं. आम्ही तीन आठवडे इमानेइतबारे वही भरली. ती बघून डॉक्टर म्हणाले, ‘‘सलग आठ दिवस ६८.४, आणि नवव्या दिवशी एकदम ७०.१? हे वजन नाही हो, काट्याच्या थापा आहेत.’’

घरी येऊन शोधलं तर दोन भानगडी निघाल्या. काट्याला मागचा आकडा लक्षात ठेवून तोच परत दाखवायची खोड होती. आणि नवव्या दिवशी फरशी पुसताना कुणीतरी तो उचलून भिंतीला टेकवून ठेवला होता. काट्यात बिघाड काहीच नव्हता, आम्हाला तो वापरता येत नव्हता.

खालची पद्धत त्यानंतर बसवलेली. वजन उतरवणाऱ्यांनाही हीच लागू पडते. एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्या: घरचा काटा तुमचं ‘खरं’ वजन सांगेल ही. तो किलोभर जास्त दाखवत असेल तरी चालतं, फक्त रोज तेवढाच जास्त दाखवायला हवा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा. बहुतेक जण थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारतात, म्हणजे काट्यावर.

टप्पा १: जागा ठरवा, आणि ती बाथरूममध्ये नको

दुकानात याला ‘बाथरूम स्केल’ म्हणतात म्हणून लोक तो बाथरूममध्ये ठेवतात. आपल्याकडच्या बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतार दिलेला असतो. वर ओल, वाफ, साबणाचं पाणी. काट्यासाठी घरातली ही सगळ्यात वाईट जागा.

कारण समजून घेतलं की जागा निवडणं सोपं जातं. डिजिटल काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात. प्रत्येकात धातूची एक छोटी पट्टी. वजन पडलं की ती केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध त्याने बदलतो, आणि चारही पायांची मिळून जी बेरीज होते तो आकडा पडद्यावर येतो. म्हणजे सगळं वजन या चार पायांतूनच जमिनीत उतरायला हवं. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर काटा ठेवला की पाय रुततात, काट्याचं पोट खाली टेकतं, आणि थोडा भार पोटातूनच जमिनीत जातो. तो मोजलाच जात नाही. एक पाय फरशीच्या सांध्यावर आला किंवा खाली तांदळाचा दाणा अडकला, तरी बेरीज बिघडते.

तेव्हा कडक, सपाट, कोरडी जागा शोधा. सिमेंटची कोबा जमीन किंवा व्हिट्रिफाइड टाइल्स उत्तम. चारही पाय शक्यतो एकाच टाइलवर यावेत. शहाबादी फरशी खडबडीत असेल किंवा गावाकडे शेणाने सारवलेली जमीन असेल तर १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा तुकडा खाली घ्या. मातीच्या जमिनीवर आधी वाळूचा पातळ थर पसरून प्लाय दाबून बसवा, नाहीतर प्लायच डुगडुगेल. पातळ हार्डबोर्ड किंवा पुठ्ठा उपयोगाचा नाही, तो स्वतःच वाकतो.

*तपासणी:* वर्तमानपत्राची एक पट्टी घ्या आणि एकेका पायाखाली सरकवून बघा. एखाद्या पायाखालून ती सहज आरपार गेली, तर तो पाय अधांतरी आहे. जागा बदला.

जागा सापडली की चिकटपट्टीने चार कोपरे आखून टाका. आणि घरात जे कुणी झाडलोट करतं त्यांना नीट सांगा: काटा हलवला तर चालेल, पण आडवाच ठेवायचा आणि हलवला हे सांगायचं.

टप्पा २: काटा तयार करा

नवा काटा असेल तर बॅटरीखालची प्लास्टिकची पट्टी ओढून काढली का ते आधी बघा. हसू नका, ‘पीसच खराब आहे’ म्हणून परत दिलेल्या काट्यांत हेही निघतं.

पाठीमागे एककाचं छोटं बटण असतं. काटा उचलताना ते चुकून दाबलं जातं, काटा पौंडात मोजायला लागतो आणि ७० किलोचा माणूस १५४ चा होतो. पडद्यावर ‘केजी’ची खूण आहे ना, ते रोज नजरेखालून घाला. बॅटरी उतरली की बहुतेक काटे ‘लो’ दाखवतात, पण मी त्याची वाट बघत नाही. आकडे अंधूक दिसायला लागले की सेल बदलते आणि वहीत ‘सेल बदलला’ असं लिहिते.

आता शून्याची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. वर पाऊल ठेवताच सुरू होणारे काटे मागच्या वेळी मनात धरलेला शून्य वापरतात. काटा हलवला, उभा करून ठेवला, किंवा उचलून परत टेकवला की चार पायांवरचा रिकामा भार बदलतो, जुना शून्य खोटा ठरतो आणि पुढचं पहिलं वजन चुकतं. म्हणून:

1. काटा आखलेल्या जागेवर ठेवा.
2. मध्यभागी पायाने दाबून तो जागा करा आणि पाय काढा.
3. पडद्यावर ०.० येऊ द्या, मग तो आपोआप बंद होऊ द्या.
4. त्यानंतरच वजन घ्या.

काटा हलला असेल तर हे चारही. नसेल हलला, तर सरळ उभे राहा.

*सावधान:* काटा पलंगाखाली किंवा कपाटामागे उभा सरकवून ठेवायची सवय असेल तर ती आज मोडा. रोज काढा-घाला करायचं म्हणजे रोज नवा शून्य.

स्प्रिंगच्या जुन्या काट्याला शून्य करायचं एक चाक असतं. रिकाम्या काट्याची रेघ बरोबर शून्यावर आणा, आणि आकडा नेहमी सरळ वरून वाचा. बाजूने वाचलात तर अर्धा किलो इकडे-तिकडे होतो.

टप्पा ३: काट्याची परीक्षा घ्या

हा टप्पा अर्ध्या तासाचा आहे आणि एकदाच करायचा आहे (पुढे सेल किंवा जागा बदलली तरच). पडद्यावर १०० ग्रॅमपर्यंतचा आकडा दिसतो म्हणून काटा १०० ग्रॅमपर्यंत अचूक आहे असं लोक धरून चालतात. दिसणारा शेवटचा आकडा आणि काट्याची चूक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*पहिली परीक्षा: तोच आकडा परत येतो का?* सलग पाच वेळा वजन घ्यायचं, दर वेळी खाली उतरून काटा बंद होऊ द्यायचा. पण इथे ती खोड आड येते. बरेच काटे नवं वजन मागच्याच्या अगदी जवळ आलं की मागचाच आकडा दाखवून मोकळे होतात, म्हणजे आपल्याला वाटावं, वा, काय पक्का काटा आहे! ही आठवण पुसायची युक्ती सोपी आहे. दर दोन वजनांच्या मध्ये हातात आट्याची पिशवी घेऊन एकदा उभे राहा. काट्याला पाच-दहा किलो जास्त दिसले की तो जुना आकडा विसरतो. मग पिशवी ठेवून परत स्वतःचं वजन घ्या. असे पाच आकडे लिहा आणि सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा करा.

आमच्याकडे आकडे आले ६८.३, ६८.६, ६८.४, ६८.४, ६८.५. फरक ३०० ग्रॅम. हा आकडा मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण यापेक्षा लहान चढ-उताराला इथून पुढे काही अर्थ द्यायचा नाही. माझ्या मते ३०० ग्रॅमपर्यंत काटा ठेवण्यासारखा. अर्ध्या किलोच्या वर गेला तर आधी जागा आणि सेल बदलून पुन्हा परीक्षा घ्या, तरीही तेच आलं तर नवा आणा.

*दुसरी परीक्षा: कोपरे.* दहा किलोची पिशवी आधी मध्यभागी, मग एकेका कोपऱ्याजवळ ठेवून बघा. एकच कोपरा वेगळा आकडा देत असेल तर त्या पायाखाली घाण आहे का ते बघा. काही स्वस्त काट्यांत हा फरक राहतोच. तिथे उपाय एकच, पावलं रोज त्याच जागी ठेवायची. मी वडिलांसाठी काचेवर चिकटपट्टीने दोन पावलांच्या खुणा केल्या आहेत.

*तिसरी परीक्षा: माहीत असलेलं वजन.* नुसती पाच किलोची पिशवी काट्यावर ठेवून काही कळत नाही. माणसाच्या काट्याला एवढं कमी वजन कधी कधी उमगतच नाही, आणि तुम्हाला तो ६०-७० किलोच्या आसपास कसा वागतो हे बघायचंय. म्हणून फरकाची पद्धत वापरा. रिकामी बादली हातात घेऊन उभे राहा, आकडा लिहा. मग लिटरची बाटली काठोकाठ न भरता खुणेपर्यंत भरून दहा वेळा त्या बादलीत ओता आणि पुन्हा उभे राहा. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. नळाच्या पाण्यात जो काही ग्रॅमांचा फरक पडतो तो इथे विसरा. दोन आकड्यांतला फरक ९.८ ते १०.२ आला तर काटा पास.

*सावधान:* तेलाच्या डब्याने परीक्षा घेऊ नका. तेल लिटरने मिळतं आणि पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं सापडेल, म्हणजे पाच लिटरचा डबा पाच किलोचा नव्हे, साधारण साडेचार किलोचा. तांदळाच्या पोत्याचंही तसंच. २०२२ च्या जुलैमध्ये २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद धान्यावर जीएसटी लागू झाला आणि बाजारात २६ किलोची पोती दिसायला लागली. पोतं बघून ‘पंचवीसच असणार’ असं धरून काट्याला दोष देऊ नका, छापलेला आकडा वाचा. आणि गॅस सिलिंडर काचेच्या काट्यावर चुकूनही ठेवू नका. त्याची खालची कड अरुंद असते, काच तडकेल.

जाता जाता एक गंमत. स्प्रिंगचा काय किंवा डिजिटल काय, काटा वस्तुमान मोजत नाही, पृथ्वी तुम्हाला किती जोराने ओढते ते मोजतो. विषुववृत्ताकडून उत्तरेला जावं तशी ही ओढ किंचित वाढते. लंडनला नीट जुळवलेला काटा मुंबईत आणला तर ७० किलोच्या माणसाला तो १८०-१९० ग्रॅम कमी दाखवेल. परदेशातून काटा पाठवणाऱ्या भावाचे आभार मानावेत, पण आकडा त्याच्या घरच्या आकड्याशी जुळवत बसू नये.

टप्पा ४: माणूस तयार करा

सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, चहा-पाण्याच्या आधी. एवढंच. शौचाला झाली तर उत्तम, पण त्यासाठी ताटकळू नका. वेळ टळली की चहा होतो आणि मग सगळंच बिनसतं. अर्धा लिटर पाणी प्यायलात की काट्यावर अर्धा किलो वाढला. तो वाढायलाच हवा, त्यात काट्याची चूक नाही.

आंघोळीच्या आधी घ्या. ओले केस, ओला टॉवेल आणि ओली पावलं, तिन्ही नकोत. कपडे रोज तेच किंवा तशाच वजनाचे: सुती गाऊन, लेंगा-बनियन, जे काय असेल ते. जीन्स, पट्टा आणि खिशातला मोबाइल मिळून किलोभर सहज भरतो. बांगड्या-मंगळसूत्र काढायची गरज नाही, ते रोजचंच आहे.

हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने लघवीची गोळी घेण्याआधी वजन करावं. आज गोळीआधी आणि उद्या गोळीनंतर केलं तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

टप्पा ५: काट्यावर उभं राहणं

1. अनवाणी, कोरड्या पावलांनी, मध्याजवळ पाय ठेवत हलकेच चढा. काचेच्या अगदी कडेवर भार दिला तर काटा उलटतो.
2. दोन्ही पावलांवर सारखा भार, हात मोकळे, नजर समोर.
3. आकडा नाचेल, थांबेल, मग एकदा लुकलुकून पक्का होईल. तोवर वाकून बघू नका. आकडा वाचायला दुसरं कुणी असेल तर बरं.
4. पक्का झाल्यावर उतरा. बहुतेक काटे तो काही सेकंद दाखवत राहतात.

*सावधान:* भिंतीला बोट लावलं तरी आकडा बदलतो. आणि ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चरबीचं प्रमाण दाखवणारा काटा वापरू नये. तो पावलांतून अतिशय मंद वीजप्रवाह सोडतो. उत्पादक स्वतःच तसा इशारा देतात. साधा काटा घ्या. तसाही तो चरबीचा टक्का अंगातल्या पाण्यावर हेलकावे खात असतो.

*तोल न सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी:* खुर्ची धरून वजन घेतलं की तेवढा भार खुर्चीवर जातो. काठी जमिनीवर टेकली तरी तेच. पण काठीचं टोक *काट्यावरच* टेकवलं, तर सगळा भार काट्यावर राहतो आणि शेवटी काठीचं वजन वजा करता येतं, किंवा रोज तीच काठी असेल तर तसंच राहू दिलं तरी चालतं. टोकाला रबरी बूट हवा आणि मागे एक माणूस, हात न लावता, पण लगेच धरता येईल इतक्या जवळ.

*तान्ह्या बाळासाठी:* आईने बाळाला घेऊन उभं राहायचं आणि मग एकटीने, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण दोन आकड्यांच्या दोन चुका इथे एकत्र येतात, आणि बाळ दिवसाला जेमतेम २०-३० ग्रॅम वाढतं. घरच्या काट्याला ते कळणं शक्य नाही. अंगणवाडीतल्या किंवा दवाखान्यातल्या बाळकाट्यावरच न्या.

टप्पा ६: नोंद

वही असो की दुधाचा हिशेब लिहितात ते भिंतीवरचं कॅलेंडर, आकडा काट्यावरून उतरल्या उतरल्या लिहा. दात घासून आल्यावर लिहिलेला आकडा हमखास ‘साधारण’ असतो. दशांशासकट लिहा, गोळाबेरीज करू नका.

आकड्याशेजारी एक शेऱ्याचा रकाना ठेवा. काल लग्नाचं जेवण, रात्रीचा प्रवास, एकादशी, पाळी, जुलाब, गोळी चुकली, काटा हलवला. महिन्याभराने हा रकानाच आकड्यांपेक्षा जास्त सांगतो. न आवडलेला आकडा खोडून ‘परत घेतलेला’ लिहिणं ही सगळ्यात मोठी लबाडी, आणि ती सगळे करतात. पुन्हा घ्यायचं असेल तर दोन्ही आकडे लिहा.

टप्पा ७: आकडा वाचणं

वजन उतरवणाऱ्यांसाठी एक उदाहरण. पहिला आठवडा: ७४.६, ७५.१, ७४.४, ७४.९, ७४.३, ७४.७, ७४.५. दुसरा आठवडा: ७४.२, ७४.८, ७४.०, ७४.५, ७४.९, ७४.१, ७३.९. सरासरी काढली तर ७४.६ वरून ७४.३, म्हणजे ३०० ग्रॅम उतरले. पण हाच माणूस फक्त आठवड्याच्या पाचव्या दिवशी वजन करत असता तर त्याला ७४.३ वरून ७४.९ दिसलं असतं, आणि ‘उपाशी राहूनही ६०० ग्रॅम वाढले’ म्हणत त्याने डाएट सोडून दिलं असतं. रोज मोजा, पण तुलना सात दिवसांच्या सरासरीची करा.

हे हेलकावे मुख्यतः पाण्याचे असतात. पापड-लोणच्याचं मीठ पाणी धरून ठेवतं. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, म्हणून उपवासाच्या दुसऱ्या दिवशी वजन धाडकन उतरतं आणि वरण-भात खाल्ला की परत येतं.

हृदयाच्या रुग्णासाठी मात्र सरासरी नको. तिथे सरासरी धोक्याची, कारण जी वाढ पकडायची तीच ती झाकून टाकते. आजचा आकडा कालच्याशी आणि तीन दिवसांपूर्वीच्याशी लावून बघा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ झाली तर कळवा, असं बहुधा सांगितलं जातं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा आणि वहीच्या पहिल्या पानावर, काट्याच्या फरकाखाली, लिहून ठेवा.

दवाखान्यातला काटा वेगळा आकडा दाखवणारच. त्यावर घरी चर्चा नको. एकदा घरून निघताना, निघायच्याच कपड्यांत, वजन करा आणि तासाभरात तिथे करा. जो फरक येईल तो डॉक्टरांना सांगून ठेवा.

आकडा अचानक उडाला तर

या क्रमाने बघा: एकक किलोच आहे ना. काटा आखलेल्या जागी आहे ना. कुणी हलवला का. पायाखाली काही अडकलंय का. मग शून्य करून, मध्ये पिशवी घेऊन आठवण पुसून, पुन्हा दोनदा वजन. यात पाच मिनिटं जातात. आकडा खाली आला तर शेरा लिहून विषय संपवा.

नाही आला, आणि घरात हृदयाचा रुग्ण असेल, तर काटा तिथेच सोडा. घोट्यावर बोट दाबून खड्डा पडतो का, रात्री उशा वाढवाव्या लागल्या का, जिना चढताना जास्त दम लागतोय का, हे विचारा आणि यातलं काही नसलं तरी डॉक्टरांना फोन लावा. फोनवर तीन आकडे सांगायचे: आजचा, तीन दिवसांपूर्वीचा, आणि पहिल्या पानावरचा काट्याचा फरक.